विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळा आणि उपचार कसे शोधावेत: खान्देशातील पालकांसाठी

मूल वेळेवर बसत नाही, बोलत नाही किंवा हाकेला वळून पाहत नाही, हे ध्यानात आले की घरातली मंडळी सर्वांत आधी विचारतात, "अशा मुलांची चांगली शाळा कोठे आहे?" तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकाचे काम करताना हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकावा लागतो. उत्तरादाखल एखाद्या शाळेचे नाव सांगून टाकणे सोपे असते, परंतु ते बहुधा चुकते, कारण मुलाला नेमके काय हवे आहे हे तोपर्यंत कोणी नीट पाहिलेलेच नसते. त्यात खान्देशातील अंतरांची भर पडते. धडगाव किंवा मोलगी भागातून नंदुरबारला येणाऱ्या आईची सकाळची एसटी चुकली तर तिचा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. म्हणून मी पालकांना एकच कसोटी सांगत आलो आहे: मुलाला जे रोज लागणार आहे ते घराजवळ शोधावे, आणि जे वर्षातून एकदोनदा लागणार आहे त्यासाठीच लांबचा प्रवास करावा. शाळा, उपचार आणि कागदपत्रे या तिन्ही बाबतींत ही कसोटी उपयोगी पडते.

आधी तपासणी, आणि त्यातही आधी कानांची

तपासणीची सुरुवात करण्यासाठी मोठ्या शहरात जाण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्याखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. हे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येणे अपेक्षित असते. अंगणवाडी सेविकेकडून पथकाची तारीख आधी विचारून घ्यावी, त्या दिवशी मुलाला हजर ठेवावे आणि शंका स्वतः बोलून दाखवावी. एका दिवसात कित्येक मुले पाहणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेतून शांत बसलेले मूल निसटू शकते. पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी घेऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे. लोक त्याला डीईआयसी म्हणतात आणि ते जिल्हा पातळीवरील शासकीय रुग्णालयाशी जोडलेले असते. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, श्रवण व वाचा तज्ज्ञ अशी माणसे एका छताखाली असावीत, अशी या केंद्राची रचना आहे. प्रत्यक्षात सगळी पदे सर्वकाळ भरलेली असतीलच असे नाही. म्हणून कोणता तज्ज्ञ कोणत्या वारी बसतो हे फोनवर विचारूनच निघावे.

न बोलणाऱ्या मुलाची पहिली तपासणी श्रवणाची असली पाहिजे. "टाळी वाजवली की पाहतो, म्हणजे ऐकू येते" ही घरगुती परीक्षा फसवी असते. मूल टाळीची सावली, हवेची हालचाल किंवा आईच्या चेहऱ्यावरचा भाव पाहूनही वळते. ओएई आणि बेरा या यंत्राने होणाऱ्या श्रवणतपासण्यांना मुलाच्या उत्तराची गरज लागत नाही, त्यामुळे त्या अगदी तान्ह्या बाळाच्याही करता येतात. एक महिन्याच्या आत श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना आरंभ, असा वेळेचा दंडक वैद्यकात मानला जातो. आपल्याकडे पुष्कळ मुले तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्यासमोर येतात, आणि त्यांतल्या काहींना तोवर "मंद" असा शिक्का बसलेला असतो.

दुसरी गोष्ट भाषेची आहे आणि ती खान्देशात फार महत्त्वाची आहे. बुद्धिमापन किंवा वाचा-भाषेची चाचणी ज्या भाषेत होते ती मुलाच्या घरची भाषा नसेल, तर निकाल खाली घसरतो. चित्र दाखवून "मांजर कोठे आहे?" असे विचारल्यावर गप्प राहिलेला एक मुलगा, आईने "मांजर कोठे शे?" म्हणताच बोट ठेवून मोकळा झाला, हे मी स्वतः पाहिले आहे. ती माउली आत येतानाच सांगत होती, "पोऱ्या बोलत नही, पन त्याले बठ्ठं समजस." अहिराणीचे असे आहे, तर पावरी किंवा भिली बोलणाऱ्या सातपुड्यातील मुलांचे काय होत असेल याची कल्पना करावी. तेव्हा तपासणीच्या वेळी घरची भाषा बोलणाऱ्या माणसाने खोलीत थांबावे, प्रश्न त्या भाषेत विचारण्याची विनंती करावी आणि चाचणी कोणत्या भाषेत झाली याची नोंद अहवालात मागून घ्यावी. ही नोंद पुढे शाळा ठरवताना कामी येते.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, यांसाठीचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर करायचा असतो. आधार, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि आधीचे अहवाल जवळ असले की सेतू केंद्रातूनही तो भरता येतो. त्यानंतर रुग्णालयात दिव्यांग मंडळासमोर तपासणी होते. मंडळाचे वार ठरलेले असतात आणि दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार ते वेगवेगळेही असू शकतात. कार्ड देशभर चालते, त्यामुळे ऊसतोडीला किंवा कामासाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांनी ते बरोबर ठेवावे.

लहान मुलाच्या बौद्धिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र कायमचे नसते. वाढत्या वयात त्याची फेरतपासणी होते. अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे वाचन-लेखन-गणितातील विशिष्ट अडचणीचे, प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलासाठी त्याच्या मागे धावू नये. प्रमाणपत्र मिळेपर्यंत थेरपी थांबवण्याचेही काही कारण नाही. माझ्या पाहण्यात एका कुटुंबाने "आधी कार्ड येऊ द्या" म्हणत दीड वर्ष घालवले, आणि त्या दीड वर्षात मुलीच्या पायाचे स्नायू इतके आखडले की जे व्यायामाने सुटले असते त्याला शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला.

कोणत्या मुलाला कोणती शाळा

कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे निवड पालकांची आहे. मुख्याध्यापकांनी "याला खास शाळेत टाका" असे म्हटल्याने ती निवड त्यांच्याकडे जात नाही. तीव्र किंवा बहुविकलांगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचाही पर्याय शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. मात्र या पर्यायाकडे मी सावधपणे पाहतो. विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळ घरी येऊ शकतो याचा हिशेब केला, तर घरचे शिक्षण पुष्कळदा मुलाला घरात ठेवण्याचे गोंडस नाव ठरते. मूल खरोखरच अंथरुणाला खिळलेले असेल तेव्हाच तो पर्याय घ्यावा.

दृष्टिहीन मुलाला ब्रेल, पांढऱ्या काठीने चालणे आणि दैनंदिन कौशल्ये शिकवणारा प्रशिक्षित शिक्षक सुरुवातीची काही वर्षे रोज लागतो. तो गावात मिळत नसेल तर निवासी विशेष शाळा योग्य ठरते, आणि ब्रेलवर हात बसल्यावर वरच्या इयत्तांत सर्वसाधारण शाळेत येता येते. कर्णबधिर मुलाचे उत्तर त्याचे वय आणि त्याच्यापर्यंत पोहोचलेली भाषा यांवर अवलंबून असते. लवकर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे यंत्र) मिळून बोलू लागलेले मूल गावच्या शाळेत पुढच्या बाकावर बसून शिकू शकते. ज्याच्यापर्यंत सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत कोणतीच भाषा पोहोचलेली नाही, त्याला खुणांची भाषा मोकळेपणाने वापरणाऱ्या कर्णबधिर शाळेत घालणेच शहाणपणाचे आहे. केवळ ओठ वाचायला लावणाऱ्या वर्गात असे मूल वर्षानुवर्षे नुसते बसून राहते.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे, असलेल्या मुलांपैकी अनेकांची बुद्धी शाबूत असते आणि बोलणे तेवढे अस्पष्ट असते. अशा मुलाला केवळ लाळ गळते किंवा शब्द कळत नाहीत म्हणून बौद्धिक दिव्यांगांच्या शाळेत घालणे हा मोठा अन्याय आहे. त्याला उतरण, योग्य खुर्ची, मदतनीस आणि लेखनिक मिळाला तर सर्वसाधारण शाळाच हवी. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या बाबतीत मी शाळेच्या प्रकारापेक्षा वर्गाकडे पाहतो: मुले किती, आवाज किती, वेळापत्रक चित्रांतून लावले आहे का, आणि मूल अस्वस्थ झाले तर त्याला नेण्यासाठी शांत कोपरा आहे का. मध्यम किंवा तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला विशेष शाळेचा उपयोग होतो, कारण तेथे कपडे घालणे, पैसे ओळखणे, रस्ता ओलांडणे हाच अभ्यासक्रम असतो. सौम्य स्वरूपाच्या मुलाला मात्र प्राथमिक इयत्तांत गावातल्या मुलांबरोबरच ठेवावे.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न मोठा आहे, आणि सिकलसेल आजार दिव्यांगत्वाच्या कायदेशीर यादीत आहे हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. या मुलाला विशेष शाळा नको. त्याला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची परवानगी, थंडीत ऊबदार कपडे, कडक उन्हात कवायतीतून सूट, औषधे वेळेवर देणारा माणूस, आणि वेदना उठल्या की "ढोंग करतो" न म्हणता दवाखान्यात नेणारी शाळा हवी. मूल आश्रमशाळेत असेल तर हे सर्व लेखी स्वरूपात अधीक्षकांना द्यावे आणि त्याची प्रत नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावल यांपैकी आपल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्यावी.

खासगी शाळेत प्रवेश हवा असेल तर शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग बालके वंचित घटकात धरली जातात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. या प्रवेशाची ऑनलाइन मुदत शाळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी संपते, म्हणून जानेवारीपासूनच चौकशी ठेवावी.

शाळेची यादी कोठे मिळते आणि पारख कशी करावी

विशेष शाळांची अधिकृत यादी जिल्हा परिषदेच्या संबंधित विभागात मिळते. पूर्वी हे काम समाजकल्याण विभागाकडे होते आणि लोक अजूनही त्याच नावाने चौकशी करतात. राज्यात २०२२ च्या अखेरीस स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला आणि पुण्यात त्याचे आयुक्तालय आहे. यादीत दृष्टी, श्रवण, बौद्धिक आणि अस्थिव्यंग असे प्रवर्ग, निवासी की अनिवासी, अनुदानित की विनाअनुदानित, आणि मान्य विद्यार्थिसंख्या या बाबी पाहाव्यात. अनेक फलकांवर अजून "मतिमंद विद्यालय" असे जुने नाव आहे. नावावरून शाळेची परीक्षा करू नये. तालुक्यातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्रात भेटतात, आणि कोणत्या शाळेत खरोखर शिकवले जाते हे यादीपेक्षा त्यांना अधिक माहीत असते.

शाळेत गेल्यावर दोन कागद मागावेत. पहिला, संस्थेचे दिव्यांग हक्क कायद्याखालील नोंदणी प्रमाणपत्र. त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. दुसरा, विशेष शिक्षक आणि थेरपिस्ट यांचे भारतीय पुनर्वास परिषदेचे नोंदणी क्रमांक. परिषदेच्या संकेतस्थळावर असे क्रमांक पडताळता येतात. शिक्षकाचे प्रशिक्षण त्याच प्रवर्गातले आहे ना, हेही विचारावे, कारण श्रवणदोषाचे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक स्वमग्न मुलांचा वर्ग सांभाळत असेल तर तो कितीही भला असला तरी त्याच्याकडून अपेक्षा ठेवण्याला मर्यादा येतात.

त्यानंतर कागद बाजूला ठेवून वर्गात बसावे. साडेअकराच्या सुमारास जावे, परिपाठ आणि पाहुण्यांची वेळ टाळावी. मुलांच्या हातात काही काम आहे की सगळी भिंतीला टेकून बसली आहेत, शिक्षक प्रत्येक मुलाला नावाने हाक मारतात का, आणि मुलागणिक वेगळा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा आहे का, हे पाहावे. आराखडा दाखवायला सांगितल्यावर सर्व मुलांच्या वहीत एकच मजकूर आढळला, तर तो केवळ तपासणीसाठी लिहिलेला आहे असे समजावे. स्वच्छतागृहात स्वतः जाऊन यावे. शाळेबद्दल जितके त्या पाच मिनिटांत कळते तितके कार्यालयात तासभर बसून कळत नाही.

निवासी शाळेसाठी कसोटी अधिक कडक हवी. रात्री किती काळजीवाहक असतात, मुलींच्या वसतिगृहात महिला काळजीवाहक आहे का, फेफऱ्याचा झटका आला तर वाहन आणि जवळचा दवाखाना कोणता, औषधांची नोंदवही कोण ठेवतो, हे विचारावे. पालक आधी न कळवता आले तर मुलाला भेटू देतात का, हा प्रश्न तर अवश्य विचारावा. "महिन्यातून एकच दिवस" असे उत्तर आले तर कारण मागावे आणि कारण पटले नाही तर मूल तेथे ठेवू नये. बोलू न शकणारे मूल आपल्यावर झालेला अत्याचार सांगू शकत नाही. म्हणून कानबाईच्या सणाला किंवा दिवाळीला मूल घरी आले की आंघोळ घालताना अंग पाहावे, वजन करावे, आणि एखाद्या माणसाच्या नावाने ते दचकते का याकडे लक्ष ठेवावे. खान्देशातील उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या छताखालच्या खोल्या आणि पिण्याचे पाणी यांचीही चौकशी व्हावी. फेफऱ्यावरील काही औषधांनी, उदाहरणार्थ टोपिरामेटने, घाम कमी येतो आणि अंग तापते; अशा मुलाबद्दल एप्रिलच्या आधीच डॉक्टरांशी बोलून शाळेला सूचना द्यावी.

उपचार: जवळचे रोज, लांबचे क्वचित

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यामुळे निदान, फेफऱ्याचे औषधोपचार आणि अस्थिरोगाचा सल्ला यांसाठी जिल्हा सोडण्याची गरज सहसा पडत नाही. त्यापुढचे प्रश्न उरले तर मुंबईला जावे: श्रवण आणि वाचेसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, हातापायांच्या पुनर्वसनासाठी हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था, आणि गुंतागुंतीच्या बालरोगांसाठी परळचे वाडिया रुग्णालय. भुसावळ, जळगाव आणि चाळीसगावहून मुंबईची गाडी थेट मिळते, तर अमळनेर, दोंडाईचा आणि नंदुरबारच्या लोकांना ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने सुरत गाठणे सोयीचे पडते. दिव्यांग मुलाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेत सवलत असते. विहित नमुन्यावर शासकीय डॉक्टरांची सही आधीच घेऊन ठेवावी. एसटीत ४० टक्क्यांवरील दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे.

लांबच्या तज्ज्ञाकडून घरी परतताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर घरी करायच्या व्यायामांचा लेखी आराखडा आणावा, आणि तज्ज्ञांनी व्यायाम करून दाखवताना त्यांच्या परवानगीने मोबाइलवर चित्रीकरण करावे. तो आराखडा गावाजवळच्या फिजिओथेरपिस्टला द्यावा. कॉक्लिअर इम्प्लांटच्या बाबतीत तर हे नियोजन शस्त्रक्रियेच्या आधी झाले पाहिजे. शासकीय योजनांतून ही शस्त्रक्रिया साधारण पाच वर्षांच्या आतील मुलांसाठी मिळते आणि तिचा खर्च लाखांत असतो. परंतु शस्त्रक्रिया एका दिवसाची असते आणि त्यानंतरची वाचा-श्रवण थेरपी वर्ष-दोन वर्षे, आठवड्यातून अनेकदा घ्यावी लागते. ती थेरपी देणारा माणूस ये-जा करता येईल इतक्या अंतरावर नसेल, तर यंत्र कपाटात पडून राहते. असे कपाट मी पाहिलेले आहे.

"मुळापासून बरे करू" असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. स्वमग्नतेवर स्टेम सेलचा उपचार करू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्येच सांगितले आहे, तरीही शेत गहाण ठेवून त्यासाठी लाखो रुपये मोजणारी कुटुंबे आहेत. भगताकडे जाणाऱ्यांना आपण हसतो. चकचकीत दवाखान्यातला भगत मात्र ओळखू येत नाही.

खर्चासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना अवश्य घ्यावी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व यांसाठी तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि नियमित थेरपीचा खर्चही त्यात बसतो, जो इतर विम्यांत सहसा बसत नाही. पावत्या मात्र जपाव्या लागतात. समग्र शिक्षा योजनेतून प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि साहित्य-साधने मिळतात. साधनांसाठीच्या मोजमाप शिबिराची तारीख शाळेतून कळते आणि ती चुकली की बहुधा पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

शाळेने नाकारल्यास

प्रवेश तोंडी नाकारला जातो, लेखी कधीच नाही. म्हणून आपला अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच मागताच सूर बदललेला मी अनेकदा अनुभवला आहे. तरीही नकार आला तर गटशिक्षणाधिकारी, नंतर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि शेवटी पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्त असा क्रम ठेवावा. भांडणाच्या भरात मुलाला घरी बसवू नये. तक्रार चालू असताना जी शाळा मिळते तेथे त्याने जात राहावे.

दहावीच्या मुलांसाठी एक सूचना. लेखनिक आणि दर तासाला २० मिनिटांचा जादा वेळ या सवलती नाशिक विभागीय मंडळाकडून शाळेमार्फत मंजूर करून घ्याव्या लागतात. नववी संपताच कागद द्यावेत, कारण परीक्षेच्या तोंडावर प्रमाणपत्राची मुदत संपलेली आढळली तर काही करता येत नाही. अठरावे वर्ष पूर्ण होताना बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी कायदेशीर पालकत्वाचा अर्जही करावा लागतो. त्यासाठीची स्थानिक समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते.

प्रवेश झाल्यावर पहिल्या दिवशी शिक्षकांना एक पानभर माहिती लिहून द्यावी: मूल पाणी कसे मागते, शौचाला जायचे असेल तर काय करते, कशाला घाबरते, काय दिले की शांत होते, घरी कोणती भाषा बोलते. त्या पानाची एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि पोळा-गणपती आटोपल्यावर ती घेऊन शाळेत पुन्हा जावे. जूनमध्ये लिहिलेल्या पाचपैकी एकतरी ओळ खोडून नवी लिहिता आली, तर शाळा योग्य आहे. एकही ओळ बदलली नसेल तर शिक्षकांबरोबर बसून आराखडा बदलावा, दिवाळीपर्यंत वाट पाहावी, आणि तरीही काही हलले नाही तर शाळा सोडल्याचा दाखला मागण्यास संकोच करू नये.